दुर्गाबाईच्या गंजीवरचं पाणी

अकोल्याच्या गयासुद्दीनला शोभेच्या दारूच्या कामाचा पुरता कंटाळा आला होता, आणि नेमकी त्याच वर्षी सगळ्या वऱ्हाडाला त्याची आठवण झाली होती. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्या मुलखाचं नावही धड घेता न येणाऱ्या इथल्या शेतकऱ्याच्या घरात रुपया खुळखुळायला लागला. कालपरवापर्यंत जो माणूस लेकीच्या लग्नात दोन डफडेवाले बोलावून मोकळा व्हायचा, त्याला आता बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा हव्या होत्या, मांडवात गाणं हवं होतं आणि दारात आतषबाजी तर हवीच हवी होती. त्या हिवाळ्यात गयासुद्दीननं अकरा लग्नं केली.

वय साठीच्या पुढं. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कधीच जळून गेलेली, पण त्याचं त्याला काही वाटत नसे. गुडघ्यांनी मात्र त्याला जेरीला आणलं होतं. भुईनळा पेटवायचा म्हणजे वाकायचं, बत्ती लावायची आणि पटकन मागं सरायचं. त्यातलं ते पटकन आता होत नव्हतं. बायको हाजराबी म्हणायची, "बस करा आता. गुडघे धरून बसता अन् बान सोडता. कोन्या दिवशी सोताच पेटसान." तो म्हणायचा, हे शेवटचं. हाजराबीनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की ती आता भाकरीवरून नजरसुद्धा उचलत नसे.

बारावं बोलावणं आलं ते अमरावतीच्या अलीकडच्या एका गावातून. खुशालराव नावाचा शेतकरी, लेक कौशल्येचं लग्न, आणि निरोप असा की अमरावतीच्या सावकारांनी पाहिली नसेल अशी आतषबाजी झाली पाहिजे. गयासुद्दीन आणि त्याचा धाकटा भाऊ नासिर बैलगाडीत माल घालून निघाले. बाणांचे जुडगे, मातीचे नळे, चक्रं, चंद्रज्योती, सगळं गवतात दाबून बसवलेलं. अशा गाडीवर चिलीम ओढायची नाही हा वडिलांपासूनचा दंडक. नासिरला तर चिलमीशिवाय एक कोस निघायचा नाही. मग तो गाडी भावाच्या हाती देई आणि चाळीस पावलं मागं राहून धूर काढत चालत येई. असे तीन मुक्काम करत, अंग आंबवून, दोघं म्हातारे खुशालरावाच्या दारात उतरले.

खुशालराव माणूस वाईट नव्हता. पण पैसा नवा होता आणि तो दिसल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हती. गयासुद्दीननं एकवार घर पाहिलं, अंगण पाहिलं, भोवतालची गवती छपरं पाहिली, आणि छपरांच्या मधून जिथं तिथं डोकावणाऱ्या कापसाच्या गंज्या पाहिल्या.  त्या वर्षी कापूस ठेवायला घरं अपुरी पडत होती. वेचणीचा तंतू हवेत उडून कुंपणाच्या काट्यांवर, निंबाच्या डहाळ्यांवर, छपरांच्या कडांवर अडकून बसला होता.

"खुशालराव, हे काम आपुन नाल्यात करू," तो म्हणाला. "गावाबाहेर रेती हाय, पानी हाय. लोकं थडीवर बसतीन. मोकळं दिसते बी."

"नाल्यात?" खुशालराव म्हणाला. "मियाजी, वरात माह्या दारात येऊन राहिली का नाल्यात? लोकायनं माह्या दारात पाह्यलं पाह्यजे."

गयासुद्दीननं आणखी दोनदा सांगून पाहिलं. पूर्वी तो अशा वेळी माल परत गाडीत भरायचा. आता गाडीत परत भरण्याचं नुसतं मनात आलं तरी त्याची कंबर दुखायची. तो बरं म्हणाला.

मग तो घरोघर निघाला. ही त्याच्या घराण्याची रीत. आतषबाजी ज्याच्या दारात, त्याची सुपारी घ्यायची. पण परवानगी मागायची ती आजूबाजूच्या दारांत. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाकडे गाभण गाय आहे, कोण म्हातारं छाती धरून पडलं आहे, ते विचारायचं. गुरं त्या संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधायला सांगायची. मोठे आवाज कधी होतील, किती होतील, ते आधी सांगून ठेवायचं. आणि तान्ह्या पोरांच्या कानांत घालायला प्रत्येक दारात कापसाचा एक बोळा द्यायचा. त्या वर्षी बायका हे पाहून पदराआड हसल्या. कापसात लोळणाऱ्या गावाला हा अकोल्याचा म्हातारा कापूस वाटत फिरत होता! गयासुद्दीनही हसला, पण बोळा हातात दिल्याशिवाय पुढं सरकला नाही. एका घरानं जरी नाही म्हटलं तरी बत्ती लावायची नाही, असा त्याच्या बापाचा नेम होता.

खुशालरावाच्या घराला लागूनच दुर्गाबाईचं घर, मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. दुर्गाबाई खुशालरावाच्या चुलतभावाची बायको. नवरा बारा वर्षांपूर्वी पटकीत गेला, तेव्हापासून शेत तीच पाहत होती. तिच्या अंगणात छातीइतकी उंच, पांढरीशुभ्र गंजी होती. गयासुद्दीननं आयुष्यभर कापसाकडे वैऱ्यासारखं पाहिलेलं, पण इतका स्वच्छ कापूस पाहून तोही थबकला. काडी नाही, पाला नाही.

"तीन गाड्या होते," दुर्गाबाई म्हणाली. "अमरावतीले न्याचा हाय, नत्थुजी अडत्याकडे."

आणि मग तिनं न राहवून सांगितलं, कारण तिच्याजवळ अभिमानानं सांगण्यासारखं तेवढंच होतं. बाजारात गाडी आली की अडत्याची माणसं खांद्यापर्यंत हात घालून आतला कापूस ओढून पाहायची. पैसा आला तशी लबाडीही आली होती. कोणी आत सरकी मिसळत होतं, कोणी दगड ठेवत होतं, आणि वजन वाढावं म्हणून पाणी मारणारे तर पैशाला पासरी झाले होते. पण दुर्गाबाईची गाडी आली की नत्थुजी लांबूनच म्हणायचा, बाईच्या गाडीत हात नाही घालायचा, घ्या उतरून. बाजारात ती एकटी बाई. तिला घासाघीस करता येत नव्हती, भांडता येत नव्हतं. न तपासता गाडी उतरते, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ती त्या पुरुषांच्या गर्दीत मान वर करून उभी राहत होती.

"बाई," गयासुद्दीन म्हणाला, "इथून तीस पावलांवर नळे लावीन. बान नाल्याच्या अंगानं सोडीन, वारा तिकडेच हाय. गंजीवर ओली करून पिळलेली पोती टाकू, म्हंजे ठिनगी आली तरी बसनार नाही. पन तुमी नाही म्हना, तं मी बत्ती नाही लावत."

दुर्गाबाईनं गंजीकडे पाहिलं. मग कुंपणापलीकडे पाहिलं. तिथं तिच्याच भावकीतल्या बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, आणि खुशालराव मांडवाच्या खांबाला हात लावून इकडेच बघत होता. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पदर सारखा केला.

"लेकीचं लगन हाय," ती शेवटी म्हणाली. "करा."

ते "करा" यायला किती वेळ लागला ते गयासुद्दीनला दिसलं. त्याचा बाप असता तर त्यानं तिथंच बसकण मारली असती, प्यायला पाणी मागितलं असतं, आणि बाईच्या मनात खरं काय आहे ते बाहेर आल्याशिवाय उठला नसता. पण गयासुद्दीनचे गुडघे ठणकत होते आणि अजून नऊ घरं बाकी होती. त्यानं तिच्या हातात कापसाचा बोळा ठेवला.

"तुमच्या कापसाले काई होनार नाही," तो म्हणाला. "माही जबान हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तयारी सुरू झाली. अंगण शिंपून चिखल केला, छपरांवर पाणी मारलं, रेतीचे ढीग आणि पाण्याचे रांजण जागोजागी ठेवले. दुर्गाबाईला भावकीतली म्हणून सकाळीच स्वयंपाकाला बोलावून नेलं होतं. ती चुलीपुढं होती. गंजीवर पोती टाकायचं काम खुशालरावाचा सालदार शेषराव याच्याकडे आलं. एरवी गयासुद्दीन ते स्वतः उभा राहून करून घेत असे. त्या दिवशी तो मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बाणांच्या वाती बांधत बसला होता. एकदा बसल्यावर त्याला उठवत नव्हतं.

शेषराव कुंपणापाशी आला. "मियाजी, वाऱ्यानं पोते सुकून राहिले. एकदोन घागरी टाकू का?"

"टाक."

घटकाभरानं तो पुन्हा आला. त्याच्या कपाळाला आठी होती. "लय तं नाही होत ना? खालून ओल दिसून राहिली."

गयासुद्दीननं मान वळवून पाहिलं. पोत्यांवरून पाणी ठिबकत होतं, गंजीच्या बुडाशी माती काळी पडली होती. गावातलं शेंबडं पोरही हे बघून ओरडलं असतं. पण गयासुद्दीनचा जन्म आगीपाशी गेला होता. पाणी दिसलं की त्याला बरं वाटायचं, आणि जास्त पाणी दिसलं की जास्त बरं वाटायचं.

"होऊ दे," तो म्हणाला. "पान्यानं कोनाचं घर जळलं नाही आजवर."

शेषराव शेतकरी होता. ओल धरलेला कापूस पिवळा पडतो, हे त्याला पुरतं कळत होतं. पण मोठ्या कारागिराला उलट कोण बोलणार! त्यानं आणखी चार घागरी ओतल्या.

दिवे लागल्यावर वरात आली आणि आतषबाजी झाली. लोकांनी नंतर वर्षभर तिच्या गोष्टी सांगितल्या. भुईनळे माडीएवढे उडाले, चक्रं फिरली, चंद्रज्योतींच्या उजेडात नवरीचं तोंड निळं-हिरवं दिसलं. वरातीतला एक पाहुणा झिंगून पुढं आला आणि "एक बान मले सोडू द्या" म्हणून हटून बसला. गयासुद्दीननं त्याला हात धरून खाटेवर बसवलं आणि पान खाऊ घातलं. आतषबाजीकडे त्यानं स्वतः एकदाही पाहिलं नाही. कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तो उजेडाकडे पाठ करून छपरं आणि गंज्या न्याहाळत उभा होता. एक ठिणगीसुद्धा कुंपण ओलांडून गेली नाही.

सकाळी खुशालरावानं त्याच्या डोक्याला शेला बांधला. नासिरनं गाडी जुंपली. गयासुद्दीनच्या डोळ्यांपुढं अकोल्याची आपली खाट येत होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून दुर्गाबाईनं हाक मारली. "भाऊ, जरा इकडे या."

तिनं पोती बाजूला केली होती. गंजीच्या बुडातून तिनं मूठभर कापूस काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो ओलाचिंब आणि कोमट होता. आत वाफ धरली होती.

"म्या काल दिवसरात चुलीपाशी होती," दुर्गाबाई म्हणाली. "मले कोनी इचारलं बी नाही."

 खुशालराव मागोमाग आला होता. तो म्हणाला, "मियाजी, ठिनगी पडली का? नाही ना? मंग तुमची जबान खरी झाली. वहिनीचा कापूस वाळते दोन दिसात. तुमी निंगा आरामात." नासिरही गाडीवरून हात करत होता. निघता आलं असतं. कोणीही बोट दाखवलं नसतं. गयासुद्दीनला निघून जावंसं वाटलं, फार वाटलं. मग त्यानं नासिरला बैल सोडायला सांगितलं.

दोन दिवस दोघं भाऊ दुर्गाबाईच्या अंगणात कापूस वाळवत राहिले. खाटांवर, धोतरांवर, लग्नाच्या उरलेल्या जाजमांवर मूठ न् मूठ कापूस पसरायचा, उलटायचा, पुन्हा पसरायचा. गंजीतला एक हिस्सा पिवळा पडला. तो दुर्गाबाईनं काही न बोलता घरात गादीला म्हणून टाकला. दोन गाड्यांचा कापूस मात्र कोरडा ठणठणीत, पहिल्यासारखा पांढरा निघाला. गयासुद्दीनची कंबर मोडून आली. त्याला वाटलं, चला, निभावलं.

तिसऱ्या दिवशी शेषराव अमरावतीहून आला आणि मान खाली घालून उभा राहिला. वरातीतले पाहुणे बाजारात पोचले होते. "लोकं बोलून राहिले," तो म्हणाला, "का दुर्गाबाईच्या गंजीवर पानी मारलं. म्या सांगतलं आगीसाठी होतं म्हनून. तं हासून राहिले. म्हंतात, बाईले निमित्त बेस सापडलं."

दुर्गाबाई मटकन खाली बसली. बारा वर्षांत गावानं तिला अशी बसलेली पाहिली नव्हती.

"मी येतो बजारात," गयासुद्दीन म्हणाला. "मी सांगतो सगळ्यायले."

"येऊन काय करसान?" ती म्हणाली. पण तिनं त्याला नको म्हटलं नाही.

अमरावतीच्या बाजारात ते पोचले तेव्हा पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. नत्थुजी दुर्गाबाईला पाहून गादीवरून उठला, पाणी मागवलं, लग्नाची चौकशी केली. आजूबाजूचे अडते, गाडीवान, हमाल हळूहळू जवळ सरकले. गयासुद्दीननं डोक्यावरचा शेला नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. असं बोलणाऱ्या आतषबाजीवाल्याला पुन्हा कोणी लग्नाला बोलावत नाही हे त्याला ठाऊक होतं.

"आतषबाजी माही होती. पोत्यायवर पानी मीच टाकाले लावलं. सालदारानं मले इचारलं होतं लय होते का, मी म्हटलं होऊ दे. बाई तवा घरी बी नव्हती. या बाईचं नुकसान माह्या हातानं झालं. जो भिजला थो कापूस घरी पडला हाय. हा कोरडा हाय."

कोणीतरी मागून म्हणालं, "साक्षीदार पार अकोल्याहून आनला का?" दोघंतिघं हसले. नत्थुजी हसला नाही. तो भला माणूस होता.

"मियाजी, तुमी सांगता तं खरंच असंन," तो म्हणाला. "अन् बाईवर तं माहा भरोसा हायेच."

असं म्हणून तो पहिल्या गाडीजवळ गेला. क्षणभर उभा राहिला. पन्नास गाड्यांची माणसं बघत होती, त्यांच्या गाड्या त्याला दिवसभर तपासायच्या होत्या. त्यानं बंडीची बाही वर सारली आणि कापसात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. आतून मूठभर ओढून काढला, गालाला लावून पाहिला, बोटांनी उलगडला.

"कोरडा हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "एक नंबर हाय."

मग दुसऱ्या गाडीतही त्यानं हात घातला. तोही कोरडा निघाला. भाव ठरला तो पूर्ण ठरला, एका पैशाचा फरक नाही. हमालांनी गाड्या खाली करायला घेतल्या. नासिर भावाच्या कानाशी येऊन म्हणाला, "चला भाईजान, सुटलो. बाईले भाव मिळाला."

गयासुद्दीननं दुर्गाबाईकडे पाहिलं. ती गाडीच्या चाकाला धरून उभी होती आणि तिनं पदर कपाळाखाली ओढून घेतला होता. रांगेत तिच्या पुढंमागं उभ्या असलेल्या गाडीवानांपैकी कोणी आता तिला वाट देत नव्हतं, आणि कोणी त्रासही देत नव्हतं. तिच्या गाडीतही आता हात गेला होता. ती त्यांच्यातलीच एक झाली होती. गयासुद्दीनला इतकं थकल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं. उभ्या जन्मात केलेल्या सगळ्या आतषबाज्यांचा शीण एकदम अंगावर आला.

"बाई, मले माफ करा," तो म्हणाला.

"तुमी इचारलं होतं तवा," दुर्गाबाई म्हणाली, "मी काहून हो म्हटलं?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, असं वाटत होतं.

गयासुद्दीनला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलण्याइतकी ताकद उरली नव्हती.

"भावकीचा मांडव होता. खुशालराव पाहून राहिले होते. तुमाले नाही म्हनता येत नव्हतं," तो म्हणाला. "मले दिसलं होतं, बाई. अन् तरी मी पुढच्या घरी गेलो."

दुर्गाबाईनं चाकावरचा हात काढला. मग ती रिकाम्या गाडीत चढली आणि गाडीवानाला चल म्हणाली.